मनगटावरील पडदा आणि माणसाचे बोट

मनगटी घड्याळाशी माणसाचा व्यवहार फार वर्षे एकाच कृतीपुरता होता. सकाळी किल्ली द्यावयाची आणि दिवसभर नुसते पाहावयाचे. १९६१ साली हिंदुस्थान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोर येथे मनगटी घड्याळांचे उत्पादन सुरू केले. त्यानंतरच्या काळात शाळामास्तरांच्या आणि ग्रामसेवकांच्या मनगटावर जी घड्याळे दिसू लागली, त्यांना माणसाकडून किल्लीपेक्षा अधिक काही नको होते. घड्याळाने वेळ सांगावी आणि माणसाने ती ऐकावी, असा तो एकतर्फी व्यवहार होता.

आज मनगटावर येऊन बसलेले स्मार्टवॉच हा घड्याळाच्या आकाराचा संगणक आहे. ते नाडीचे ठोके मोजते, पावले मोजते, दूरध्वनी आल्याची वर्दी देते, संदेश वाचून दाखविते. संदेश आला म्हणजे त्यास उत्तर देणे आले, यादीतून नाव निवडणे आले, आकडा भरणे आले. हे सारे सव्वा ते दीड इंचाच्या काचेवर बोटाच्या टोकाने करावयाचे असते. संगणकाचा प्रत्येक भाग गेल्या अर्धशतकात लहान होत गेला. बोट मात्र होते तेवढेच राहिले आहे. स्मार्टवॉचच्या रचनेतील सर्वांत अवघड प्रश्न येथून सुरू होतो. तो केवळ परदेशी प्रयोगशाळांपुरता नाही, कारण या काचेवर देवनागरीत लिहू इच्छिणाऱ्या माणसाच्या वाट्याला तो दुपटीने येतो.

टाचणीपासून बोटापर्यंत

या अडचणीची जाणीव नवी नाही. अमेरिकेतील ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने १९७७ साली ‘एचपी-०१’ हे गणकयंत्र असलेले मनगटी घड्याळ बाजारात आणले. त्याच्या बहुतेक कळा इतक्या बारीक होत्या की त्या दाबण्यासाठी एक लहानशी टोकदार काडी पट्ट्याच्या कडीतच बसवून देण्यात आली होती. बोट मोठे पडते, हे कंपनीने मुकाट्याने मान्यच केले होते म्हणावयाचे. जपानच्या कॅसिओ कंपनीने १९८४ च्या सुमारास याहून चतुर मार्ग काढला. तिच्या ‘एटी-५५०’ या घड्याळाच्या काचेवर बोटाने आकडा गिरवला की घड्याळ तो ओळखी. बेरजेचे व वजाबाकीचे चिन्हही तसेच काढावयाचे. कळाच नाहीत म्हटल्यावर कळ चुकण्याचा प्रश्नही उरला नाही. संपूर्ण काच हीच एक पाटी झाली. त्या घड्याळाची विक्री कशी झाली हा भाग वेगळा. पण मूळ कल्पना किती टिकाऊ होती याचा प्रत्यय तीस वर्षांनी आला. २०१६ साली ॲपल कंपनीने आपल्या घड्याळात अक्षर लिहिण्याची सोय दिली, ती काचेवर एकेक अक्षर बोटाने गिरवण्याचीच होती.

बोटाचे माप

बोटाला किती जागा लागते, हे मोजून पाहण्यात आले आहे. परही, कार्लसन आणि बेडरसन या संशोधकांनी २००६ साली हातात धरलेल्या यंत्रावर अंगठ्याने काम करणाऱ्यांची पाहणी केली. एकच ठिकाण दाबावयाचे असल्यास ते सुमारे ९.२ मिलिमीटर रुंद असावे आणि एकामागून एक अनेक ठिकाणे दाबावयाची असल्यास ९.६ मिलिमीटर असावे, असा त्यांचा निष्कर्ष होता. भ्रमणध्वनीवरील आज्ञांची चौकट साधारण ९ मिलिमीटरची ठेवावी, असा एक संकेत आज प्रचलित आहे.

हे माप घड्याळावर ठेवून पाहावे. एप्रिल २०१५ मध्ये विक्रीस आलेल्या पहिल्या ॲपल वॉचच्या लहान नमुन्याचा पडदा सुमारे २१ मिलिमीटर रुंद आणि २६ मिलिमीटर उंच होता. त्यावर ९ मिलिमीटरच्या चौकटी आडव्या दोन व उभ्या दोन एवढ्याच नीट बसतात. तिसरी ओळ काठावर अडकते. याउलट इंग्रजी टंकलेखन यंत्राच्या वरच्या ओळीत दहा कळा असतात. त्या दहा कळा २१ मिलिमीटरमध्ये बसवावयाच्या तर प्रत्येकीच्या वाट्याला २.१ मिलिमीटर येतात. ज्वारीच्या दाण्याहून तीही कळ लहानच. असा दहा दाण्यांचा पट्टा मांडून त्यातील सहावाच दाणा बोटाने दाबावा आणि शेजारच्यांना धक्का लागू देऊ नये, अशी ही परीक्षा आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये एक नियम मांडला होता. एखाद्या ठिकाणी हात पोहोचण्यास लागणारा वेळ त्या ठिकाणाच्या अंतराबरोबर वाढतो आणि ठिकाण जितके अरुंद तितकाही वाढतो. घड्याळावर सगळीच अंतरे बोटभराची, तेव्हा काम झटपट व्हावे असे वाटेल. परंतु ठिकाण बोटाहूनच अरुंद झाले की हा हिशेब जुळेनासा होतो. बोटाची स्वतःची अशी एक अनिश्चितता असते आणि कितीही सावकाश दाबले तरी ती नाहीशी होत नाही. बी, ली आणि झाय या संशोधकांनी २०१३ साली फिट्स यांच्या सूत्रात दुरुस्ती सुचविली, ती हीच अनिश्चितता हिशेबात धरण्यासाठी. सावकाश दाबा म्हणजे चुकणार नाही, हा उपदेश येथे लागू पडत नाही.

काच काय पाहते आणि माणूस काय पाहतो

काच बोट कसे ओळखते, हे समजल्याखेरीज पुढील उपायांचे मर्म कळत नाही. ब्रिटनमधील माल्व्हर्न येथील रडार संशोधन संस्थेत ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली ज्या तत्त्वावरील स्पर्शपडद्याची माहिती प्रसिद्ध केली, तेच तत्त्व आजच्या घड्याळातही आहे. काचेखाली विद्युतवाहक धाग्यांची पारदर्शक जाळी असते आणि तिच्यावर अल्पसा विद्युतभार खेळता ठेवलेला असतो. मानवी शरीर विद्युतवाहक असल्याने बोट जवळ येताच त्या ठिकाणचा भार किंचित बदलतो. हा बदल एका बिंदूवर होत नाही, बोटाचा मांसल भाग टेकेल तेवढ्या लंबगोल डागावर होतो. त्या डागाचा मध्य काढून यंत्र तोच बिंदू दाबला गेला असे मानते.

माणूस मात्र निराळाच बिंदू मनात धरून असतो. जर्मनीतील पॉट्सडॅम येथील हासो प्लाटनर संस्थेचे क्रिस्टियान होल्त्स आणि पॅट्रिक बाउडिश यांनी २०१० व २०११ मध्ये या विषयाचा कसून अभ्यास केला. बोट टेकविताना माणूस बोटाची खालची बाजू पाहू शकत नाही. तो वरून दिसणाऱ्या खुणांचा, विशेषतः नखाच्या कडेचा, आधार घेऊन नेम धरतो. नेम नखाने धरला जातो आणि स्पर्श बोटाच्या पेराने होतो. या दोहोंत काही मिलिमीटरचे अंतर पडते आणि बोट उभे आहे की आडवे, डावीकडे कलले आहे की उजवीकडे, यावर ते अंतर बदलते. ज्याला आजवर बोटाचा जाडेपणा म्हणून दोष दिला जात होता, त्याचा मोठा भाग हा वस्तुतः नेमातील फरक आहे, असे त्यांनी दाखवून दिले. हा फरक बोटाच्या कोनानुसार ठराविक असल्यामुळे तो काही अंशी दुरुस्त करता येतो. जाड बोटाच्या माणसाला अपराधी वाटण्याचे कारण नाही, एवढा दिलासा या संशोधनाने निश्चित दिला आहे.

दुसरी अडचण साधी आहे. बोट ज्याला शिवते तेच झाकते. भ्रमणध्वनीवर बोटाखाली पडद्याचा एक कोपरा झाकला जातो. घड्याळावर निम्मा पडदा झाकला जातो. व्होगेल आणि बाउडिश यांनी २००७ साली यावर एक युक्ती मांडली. बोट काचेवर क्षणभर टेकून राहिले की त्याखाली झाकलेल्या भागाचे चित्र बोटाच्या बाजूस उमटावे, ते पाहून बोट किंचित सरकवावे आणि मग उचलावे. युक्ती उत्तम, परंतु ते चित्र दाखविण्यासाठीही जागा लागते, आणि घड्याळावर तीच तर नाही.

जागेच्या बदल्यात

जागा नसेल तर तिच्या बदल्यात दुसरे काही द्यावे लागते. आजवरच्या सगळ्या उपायांकडे या दृष्टीने पाहिले असता त्यांतील फरक चटकन लक्षात येतो.

काहींनी वेळ दिला. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली ‘झूमबोर्ड’ नावाचा कळफलक तयार केला. संपूर्ण इंग्रजी कळफलक अवघ्या १६ मिलिमीटर रुंदीचा. हव्या त्या अक्षराच्या आसपास बोट टेकविले की तेवढाच भाग मोठा होतो. मग दुसऱ्या स्पर्शाने नेमके अक्षर निवडावयाचे. नकाशात आधी तालुका आणि मग गाव शोधावे, तसे. एका अक्षरासाठी दोन स्पर्श पडू लागले, परंतु अक्षर चुकेनासे झाले. या पद्धतीने मिनिटाला सुमारे ९ शब्द लिहिले गेले. भ्रमणध्वनीवर लोक किती वेगाने लिहितात याची ३७ हजारांवर व्यक्तींची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली, तीत सरासरी मिनिटाला ३६ शब्द अशी होती. घड्याळ चौपट मागे राहिले, तरी जेथे काहीच लिहिता येत नव्हते तेथे लिहिता येऊ लागले.

काहींनी नेमाऐवजी दिशा वापरली. बोट नेमके कोठे टेकले हे सांगणे अवघड असले, तरी ते कोणत्या दिशेने सरकले हे काचेला अचूक कळते. त्यासाठी मोठी जागाही लागत नाही. २०१४ मधील ‘स्वाइपबोर्ड’ या प्रयोगात कळफलकाचे नऊ भाग केले होते. बोट एकदा सरकवून भाग निवडावयाचा, पुन्हा सरकवून त्यातील अक्षर निवडावयाचे. दोन तासांच्या सरावानंतर लिहिणाऱ्यांचा वेग मिनिटाला १९ शब्दांच्या पुढे गेला. हात सरावला की काचेकडे पाहावेही लागत नाही. मात्र हे दोन तास कोणी द्यावयाचे, हा प्रश्न राहतोच. प्रयोगशाळेत बोलावून आणलेला माणूस ते देतो. दुकानातून घड्याळ विकत घेतलेला माणूस सहसा देत नाही.

काहींनी काच सोडून तिचा काठ धरला. ॲपल वॉचच्या कडेला असलेली फिरती चावी आणि २०१५ मधील सॅमसंगच्या ‘गिअर एस-२’ घड्याळाची गोल फिरणारी कड, या दोहोंमुळे यादी वरखाली सरकविताना बोट पडद्यावर येतच नाही. जुन्या घड्याळाला किल्ली देण्याचीच ही कृती आहे. ज्यांच्या बोटांना ती सवय होती, त्यांना ती शिकवावी लागली नसेल. परंतु चावीने निवड होते, लेखन होत नाही.

आणि अलीकडे यंत्राला अंदाज बांधावयास लावले जाते. २०२१ साली ॲपलने आपल्या मोठ्या पडद्याच्या घड्याळावर पूर्ण इंग्रजी कळफलक दिला, तेव्हा त्याच्या कळा काही ९ मिलिमीटरच्या झाल्या नव्हत्या. बोट अक्षरांवरून न उचलता ओढत न्यावे आणि रेषेच्या आकारावरून यंत्राने शब्द ओळखावा, ही पद्धत त्यात आहे. झाय आणि क्रिस्टेन्सन यांनी आयबीएमच्या प्रयोगशाळेत या शतकाच्या आरंभी तिचा पाया घातला होता. यंत्र येथे अक्षरे वाचत नाही. त्या भाषेत कोणता शब्द किती वेळा येतो व कोणत्या शब्दामागून कोणता येतो, याच्या साठ्यावरून ते शब्द ताडते. हा उपाय सर्वांत वेगवान आहे, परंतु ज्या भाषेतील मजकुराचा साठा मोठा, तिलाच त्याचा पूर्ण लाभ होतो.

बाराखडीचा प्रश्न

मराठी लेखकाची अडचण येथे उभी राहते. इंग्रजीत २६ अक्षरे आहेत. मराठी वर्णमालेत १४ स्वर, २ स्वरादी, ३४ व्यंजने आणि क्ष व ज्ञ ही २ विशेष संयुक्त व्यंजने मिळून ५२ वर्ण आहेत. त्याखेरीज काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि जोडाक्षरे. शब्द ताडणाऱ्या यंत्रालाही मराठी जड जाते, कारण इंग्रजीत जे शब्दयोगी अव्यय सुटे लिहिले जाते ते मराठीत नामाला चिकटते. घर, घरात, घरातून, घरापर्यंत, घरासमोरचा ही यंत्राच्या लेखी निरनिराळ्या शब्दांची रांग होते. वाडीवस्त्यांची व शिवारांची नावे साठ्यात क्वचितच असतात, आणि मग यंत्र ती ‘सुधारून’ भलताच शब्द पुढे करते. कर्मचाऱ्यांसाठी अशी उपकरणे घेण्याचा प्रस्ताव एखाद्या कार्यालयापुढे आल्यास, ती ज्याला वापरावयाची आहेत त्या माणसाच्या हातून त्याच्या गावाचे नाव देवनागरीत लिहवून पाहिल्यास माहितीपत्रकात न छापलेल्या बऱ्याच गोष्टी पाच मिनिटांत कळतील.

संगणकासाठी देवनागरी कळफलकाचा विचार भारतात पूर्वीच झाला. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली इनस्क्रिप्ट कळफलक निश्चित केला आणि १९९१ च्या भारतीय मानकात त्याचा समावेश झाला. डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजने अशी ती शास्त्रशुद्ध मांडणी आहे. पण ती दोन हात आणि दहा बोटे गृहीत धरते. घड्याळावर एकच बोट असते. एक हात तर घड्याळ धरण्यातच गुंतलेला.

स्पर्शपडद्यासाठी निराळा विचार पवई येथील भारतीय प्रौद्योगिकी संस्थेच्या औद्योगिक आरेखन केंद्रात प्राध्यापक अनिरुद्ध जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्यांचा ‘स्वरचक्र’ हा कळफलक भ्रमणध्वनीसाठी असून विनामूल्य उपलब्ध करून देण्यात आला. त्यात ‘क’ या कळीवर बोट टेकविताच बोटाभोवती एक चक्र उमटते आणि त्यात का, कि, की, कु, कू अशी रूपे दिसतात. बोट न उचलता हव्या त्या रूपाकडे सरकविले की ते अक्षर लिहिले जाते. मात्रांसाठी वेगळ्या कळा लागतच नाहीत. व्यंजन ठिकाणाने आणि स्वर दिशेने, अशी ही विभागणी आहे. लहान काचेवर दिशा ही ठिकाणापेक्षा स्वस्त पडते, हे वर आलेच आहे.

हा विचार घड्याळापर्यंत नेता येण्याजोगा आहे, आणि त्यासाठी लागणारी सामग्री पहिलीच्या वर्गातील भिंतीवर टांगलेली आहे. इंग्रजी कळफलकाचे नऊ तुकडे करताना संशोधकांना ते कसे तरी करावे लागले. कोणते अक्षर कोणत्या तुकड्यात, हे पाठच करावे लागते. मराठी व्यंजनांचे तुकडे मात्र उच्चारस्थानानुसार आधीच पडलेले आहेत. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य आणि ओष्ठ्य असे पाच वर्ग, प्रत्येकात पाच. उरलेली य पासून ळ पर्यंतची नऊ व्यंजने दोन गटांत. एकूण सात गट. वर लिहिलेल्या मजकुराच्या ओळीला सहा मिलिमीटर सोडले तरी २१ मिलिमीटर रुंदीच्या पडद्यावर या सात गटांसाठी सुमारे ७ मिलिमीटरच्या चौकटी सहज बसतात. दोनच्या जागी सात मिलिमीटर ही थोडीथोडकी सुधारणा नव्हे. पहिल्या स्पर्शाने वर्ग, दुसऱ्याने व्यंजन, आणि त्याच स्पर्शात बोट सरकवून मात्रा. ‘महाराष्ट्र’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिला तर ११ अक्षरे होतात व झूमबोर्डच्या पद्धतीने २२ स्पर्श लागतात. वर्ग व व्यंजन या पद्धतीने त्यातील सहा व्यंजनांना १२ स्पर्श पुरतात. हे गणित अर्थात कागदावरचे आहे. प्रत्यक्ष चुका किती होतील, हे लोकांच्या हाती देऊनच ठरेल.

एक खाचखळगा आताच दिसतो. घड्याळाच्या तबकडीवर बारा अंक आणि बाराखडीतही बारा रूपे, हा योगायोग मोहात पाडणारा आहे. परंतु वर्तुळाकार यादीविषयी टोरोंटो येथील कुर्टेनबाख आणि बक्स्टन यांनी १९९० च्या दशकात केलेल्या प्रयोगांचा कल असा की आठ दिशांपर्यंत हात ठीक चालतो, त्यापुढे चुका वाढू लागतात. तेव्हा सर्व बारा रूपे एका चक्रात न घालता ऱ्हस्व व दीर्घ यांची जोडी एकाच दिशेला ठेवून कमी अंतर व जास्त अंतर असा भेद करावा काय, यासारखे प्रश्न सोडवावे लागतील. ते सोडविण्यासाठी व्याकरण जाणणारा शिक्षक आणि यंत्र जाणणारा अभियंता यांना एकत्र बसावे लागेल.

ज्या हातांनी काम होते

बोलून लिहिण्याचा मार्ग आहेच. गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठीसह आठ भारतीय भाषांची आपल्या ध्वनिलेखनात भर घातली आणि अनेकांची सोय झाली. परंतु ग्रामसभा चालू असताना, वर्गात, रुग्णालयाच्या खोलीत किंवा बँकेचा गुप्त अंक भरताना मोठ्याने बोलता येत नाही. बोटाचे काम तेथे बोटालाच करावे लागते.

आणि बोटे सर्वांची सारखी नसतात. शेतात राबलेल्या हाताची त्वचा जाड व कोरडी झालेली असते. काचेवरील विद्युतभार तिच्यामुळे क्षीण बदलतो आणि स्पर्श नोंदलाच जात नाही. रास्त भाव दुकानात यंत्रावर अंगठा न उमटल्याने ताटकळलेल्या म्हाताऱ्या माणसांना यंत्राचा हा नकार नवा नाही. तेथील कारण वेगळे असले तरी हात तोच आहे. ओल्या हाताची तऱ्हा उलटी. पाण्याचा थेंबही भार बदलतो आणि यंत्र त्यालाच बोट समजून बसते. म्हणून पाण्यात उतरताना काच बंद ठेवण्याची सोय ॲपलच्या घड्याळात करण्यात आली आहे. ज्याला एकच हात आहे, किंवा ज्याचा दुसरा हात डोक्यावरील हंड्याला वा सायकलीच्या दांड्याला लागलेला आहे, त्याला तर काचेला स्पर्शच करता येत नाही. अपंग व्यक्तींसाठी म्हणून २०२१ मध्ये घड्याळ बांधलेल्याच हाताची मूठ वळून वा चिमूट करून आज्ञा देण्याची सोय आली. तिचेच एक रूप, अंगठा व तर्जनी दोनदा टेकविण्याचे, २०२३ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. घड्याळातील हालचाल मोजणारे भाग आणि मनगटातील रक्तप्रवाहातला सूक्ष्म बदल टिपणारा नाडीमापक यांवरून ती चिमूट ओळखली जाते.

लहान काचेची खरी कसोटी मात्र लेखनात लागत नाही. २०१८ पासून ॲपलच्या काही घड्याळांत माणूस जोराने पडल्यास ते ओळखण्याची व्यवस्था आहे. अशा वेळी घड्याळ मनगटाला धक्के देते, आवाज करते आणि पडद्यावरील इतर सर्व गोष्टी पुसून टाकून मोजकेच पर्याय दाखविते: मदत बोलवावयाची, किंवा आपण ठीक असल्याचे कळवावयाचे. मदतीसाठी नुसता स्पर्श पुरत नाही. चुकून लागलेल्या बोटाने पोलिसांना वा रुग्णवाहिकेला वर्दी जाऊ नये म्हणून बोट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवावे लागते, आणि थरथरत्या हातालाही ते जमावे म्हणून त्यासाठी पडद्याची पूर्ण रुंदी दिलेली असते. पडलेल्या माणसाने सुमारे मिनिटभर काहीच हालचाल केली नाही, तर घड्याळ तीस सेकंद उलटे मोजते आणि बोटाची वाट न पाहता स्वतःच आपत्कालीन क्रमांक लावते. भारतात तो ११२ आहे.